आईबापांना कागद, पण शिंगराला नाही: घोड्याच्या रंगावरून नोंदणी का नाकारली जायची?

समजा, अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये १९९० च्या दशकात एका घोडेपालकाकडे सोनेरी अंगाची आणि पांढऱ्या आयाळीची एक घोडी आहे. तिच्यासाठी त्याने तशाच सोनेरी रंगाचा नर निवडला. दोघंही अस्सल क्वार्टर हॉर्स आहेत आणि दोघांचेही कागद चोख आहेत. पहिल्या वर्षी शिंगरू झालं ते सोनेरी, त्याला कागद मिळाले. दुसऱ्या वर्षी तांबूस झालं, त्यालाही मिळाले. तिसऱ्या वर्षी मात्र सायीच्या रंगाचं, गुलाबी कातडीचं आणि निळ्या डोळ्यांचं शिंगरू जन्माला आलं. आई तीच होती, बापही तोच होता, पण या शिंगराला नोंदणी मिळाली नाही.

हे उदाहरण कल्पनेतलं आहे, पण नियम खरा होता. तो अनेक वर्षं चालला आणि त्यापायी कितीतरी चांगली जनावरं 'बिनकागदाची' ठरली. पुढे हा नियम बदलला. तो का होता, कसा बदलला आणि काही जातींमध्ये रंगाची अट आजही का टिकून आहे, ते समजून घेऊया.

आधी हे 'कागद' म्हणजे काय?

घोड्यांच्या जगात जात टिकते ती नोंदवहीवर. या नोंदवहीला 'स्टड बुक' म्हणतात. कुठलं शिंगरू कुठल्या घोडीला, कुठल्या नरापासून आणि कधी झालं, याची ती पिढ्यान् पिढ्यांची वंशावळ असते. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांची इंग्लंडमधली 'जनरल स्टड बुक' १७९१ पासूनची आहे. भारतातल्या थरोब्रेड घोड्यांची नोंद ठेवणारी 'स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडिया' ही संस्था तर आपल्या पुण्यातच आहे.

या वहीत नाव नसेल तर घोडा धावतो, काम करतो, देखणाही दिसतो, पण त्या जातीच्या शर्यतीत किंवा प्रदर्शनात उतरू शकत नाही. त्याची पिल्लं त्या जातीची म्हणून विकता येत नाहीत. साहजिकच किंमत कोसळते. म्हणजे नोंदणीचा नियम कागदावर एका ओळीचा असला, तरी पालकासाठी तो वर्षभराच्या खर्चाचा आणि मेहनतीचा प्रश्न असतो. घोडी साधारण ११ महिने गाभण राहते आणि बहुतेक वेळा तिला एकच शिंगरू होतं, हे लक्षात घेतलं की त्या एका नकाराचं वजन कळतं.

क्वार्टर हॉर्सचा 'पांढरा नियम'

पाव मैलाच्या शर्यतीत कुणालाही मागे टाकणारा म्हणून या घोड्याचं नाव 'क्वार्टर' हॉर्स. गुरं हाकण्यातही तो पटाईत. अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशन ही संस्था १९४० मध्ये स्थापन झाली. आज ती जगातल्या सगळ्यात मोठ्या घोडा-नोंदणी संस्थांपैकी एक आहे.

संस्था सुरू झाली तेव्हा संस्थापकांपुढे मोठा प्रश्न होता की क्वार्टर हॉर्स म्हणायचं कुणाला? तोवर ही जात कागदावर नव्हती, रांचवर होती. त्यामुळे चण, चपळाई, कामाची तयारी यांच्या जोडीला दिसण्याचेही निकष आले. अंगावर ठिपके किंवा मोठे पांढरे पट्टे असलेले घोडे बाहेर ठेवले गेले. पायावरचा पांढरा रंग कुठवर चालेल, चेहऱ्यावरचा कुठवर चालेल, याच्या मर्यादा आखल्या गेल्या. पायमोजासारखा पांढरा पाय चालायचा, पण पांढरा रंग मर्यादेच्या वर चढला की अडचण व्हायची. वर सांगितलेलं सायीच्या रंगाचं शिंगरूही याच नियमांत अडकायचं.

यामागे निव्वळ नावड नव्हती, एक व्यवहारी शंकाही होती. त्या काळी शिंगराचा बाप कोण, हे पालकाच्या शब्दावरच ठरायचं. कुंपण ओलांडून शेजारचा ठिपकेदार घोडा आला असेल तर? दोन एकरंगी आईबापांच्या पोटी अंगभर पांढरे पट्टे असलेलं शिंगरू जन्माला आलं की पहिला संशय यायचा तो भेसळीचा. थोडक्यात, रंगाकडे पुरावा म्हणून पाहिलं जायचं.

पण हा पुरावा मुळातच कच्चा होता, कारण घोड्यांमध्ये रंग कसा उतरतो याचं गणित वेगळं आहे.

हे रंग येतात कुठून?

घोड्याचे मूळ रंग समजायला तसे सोपे आहेत. शरीरात दोनच रंगद्रव्यं असतात, एक काळं आणि एक तांबूस. त्यांच्या वाटणीवरून काळा, तांबूस, किंवा तांबूस अंगाचा पण काळ्या आयाळीचा असे पायाभूत रंग ठरतात. आपल्याकडच्या घोडेबाजारात ज्याला कुमेत म्हणतात, तो या शेवटच्या गटातला.

या पायावर इतर जनुकं आपापला हात फिरवतात. 'क्रीम' हे त्यातलंच एक. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. तांबूस घोड्यात क्रीमची एक प्रत आली की रंग उजळून सोनेरी होतो. यालाच 'पालोमिनो' म्हणतात. दोन्ही प्रती क्रीमच्या आल्या की रंग आणखी उतरतो आणि सायीसारखा घोडा जन्माला येतो, 'क्रिमेलो'.

आता सुरुवातीच्या उदाहरणाकडे वळा. सोनेरी घोडी आणि सोनेरी नर, दोघांकडेही क्रीमची एकेक प्रत आहे. त्यांच्या प्रत्येक शिंगराच्या बाबतीत सोनेरी होण्याची शक्यता ५० टक्के, तांबूस होण्याची २५ टक्के आणि क्रिमेलो होण्याची २५ टक्के. म्हणजे क्रिमेलो हा अपघात नाही की भेसळ नाही. सोनेरी घोड्यांची जोडी लावली की तो कधीतरी येणारच. पण नियम असा होता की क्रीमची एक प्रत असेल तर स्वागत, दोन असतील तर दार बंद.

या घोड्यांना 'अल्बिनो' म्हणायचीही पद्धत होती. तेही बरोबर नाही. त्यांच्यात रंगद्रव्य कमी असतं, पण ते नाहीसं झालेलं नसतं. गुलाबी कातडीमुळे ऊन लागतं, नाकाजवळ भाजतं आणि भर उन्हात डोळे किलकिले होतात. पण केवळ रंगामुळे तो घोडा आंधळा किंवा अशक्त ठरत नाही.

पांढऱ्या पट्ट्यांची गोष्टही अशीच आहे. काही जनुकं अशी असतात की ती एखाद्या घोड्यात जेमतेम कपाळावरच्या ठिपक्याएवढी दिसतात आणि त्याच्याच पिल्लात अंगभर पसरतात. शिवाय क्वचित एखाद्या जनुकात नवा बदल होतो आणि दोन गडद रंगाच्या आईबापांच्या पोटी चक्क पांढरं शिंगरू येतं.

बाहेर काढलेल्यांनी आपलं घर बांधलं

क्वार्टर हॉर्सच्या नोंदणीने नाकारलेल्या पट्टेदार घोड्यांचं काय झालं? काही विकले गेले, काही नुसतेच कामाला जुंपले गेले. पण हे घोडे आवडणारेही लोक होते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अशा घोड्यांसाठी अमेरिकेत दोन वेगवेगळ्या संघटना उभ्या राहिल्या. त्यातली एक रेबेका टायलर लॉकहार्ट या महिलेच्या पुढाकाराने सुरू झाली होती. १९६५ मध्ये दोन्ही एकत्र आल्या आणि 'अमेरिकन पेंट हॉर्स असोसिएशन' तयार झाली. एका घरात जो दोष होता, तोच दुसऱ्या घरात दागिना ठरला.

गंमत पुढे आहे. पेंट हॉर्सच्या मुख्य नोंदणीसाठी अंगावर ठरावीक पांढरा भाग हवा, अशी अट आली. मग दोन पट्टेदार आईबापांच्या पोटी एकरंगी शिंगरू आलं तर? त्याला वेगळ्या वर्गात टाकलं जाऊ लागलं. म्हणजे एका संस्थेत पांढरं जास्त म्हणून अडवणूक, तर दुसरीत पांढरं कमी म्हणून वेगळी रांग. रंगावरच्या नियमाविरुद्ध उभं राहिलेलं घरही शेवटी रंगाच्या नियमावरच बांधलं गेलं.

मग बदल कशाने झाला?

डीएनए चाचणीने. आधी रक्तगटावरून आणि नंतर डीएनएवरून शिंगराचे आईबाप पक्के ठरवता येऊ लागले. आयाळीच्या मुळासकट उपटलेल्या काही केसांवरून हे कळतं. एकदा हे शक्य झाल्यावर रंगाला पुरावा मानण्यात अर्थ उरला नाही. आईबाप नोंदणीकृत आहेत आणि शिंगरू त्यांचंच आहे, हे प्रयोगशाळा सांगत असेल, तर केवळ पांढरं जास्त आहे म्हणून 'हा आमचा नाही' कसं म्हणायचं?

अमेरिकेतल्याच मॉर्गन या जातीच्या संस्थेने पांढऱ्या रंगावरची आपली जुनी मर्यादा १९९० च्या दशकात काढून टाकली. क्वार्टर हॉर्सच्या संस्थेने २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आधी दुहेरी क्रीम घोड्यांसाठी आणि पाठोपाठ जास्त पांढऱ्या घोड्यांसाठी दार उघडलं. आज तिथला नियम सरळ आहे: आई आणि बाप दोघं नोंदणीकृत हवेत, रंग कुठलाही चालेल.

अर्थात दार उघडलं म्हणून सगळे कुरकुर न करता आत आले असं नाही. जास्त पांढऱ्या घोड्यांच्या नोंदणीपत्रावर, ही लक्षणं या जातीत अपेक्षित नाहीत, अशा अर्थाची टीप छापली जाऊ लागली. कागद मिळाला, पण शेऱ्यासकट. जुन्या पालकांची बाजूही समजण्यासारखी होती. त्यांनी नियम पाळत अनेक वर्षं ठरावीक रंगांची जोपासना केली होती, पांढऱ्या शिंगरांचं नुकसान सोसलं होतं. आता तेच शिंगरू शेजाऱ्याकडे नोंदवलं जाणार असेल, तर राग येणारच.

पांढरी घोडी शर्यत जिंकते तेव्हा

थरोब्रेडच्या जगात पांढरा घोडा इतका दुर्मीळ होता की अमेरिकेत 'पांढरा' असा रंग नोंदवायची वेळ आली ती १९६३ च्या सुमारास. त्या वर्षी केंटकीत जन्मलेल्या 'व्हाइट ब्यूटी' या घोडीची नोंद पांढरी म्हणून झाली. इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. आपल्याला दिसणारे बहुतेक 'पांढरे' घोडे खरं तर करडे असतात. ते गडद रंगाचे जन्मतात, वयानुसार केस पांढरे होत जातात, पण कातडी काळीच राहते. जन्मापासून पांढरा असलेला घोडा ही वेगळी गोष्ट आहे.

जपानमध्ये १९९६ मध्ये दोन गडद आईबापांच्या पोटी एक पांढरी घोडी जन्माला आली, शिरायुकिहिमे. जपानीत याचा अर्थ हिमगौरी. तिचा रंग अशा जनुकामुळे होता की एकच प्रत पुरते, त्यामुळे तिच्या वंशात पांढरी शिंगरं येत राहिली. तिची नात सोदाशी. हे नाव संस्कृतवरून घेतलं आहे, शुद्ध आणि तेजस्वी अशा अर्थाने. २०२० च्या डिसेंबरमध्ये सोदाशीने सर्वोच्च श्रेणीची, म्हणजे 'ग्रेड १' शर्यत जिंकली. असं करणारी ती पहिली पांढरी थरोब्रेड ठरली. पुढे २०२१ आणि २०२२ मध्येही तिने या श्रेणीच्या शर्यती मारल्या. पांढरा घोडा नाजूक असतो, या समजुतीला याहून चांगलं उत्तर मिळणं अवघड होतं.

मग रंगाचे नियम सगळेच चुकीचे का?

नाही, आणि प्रश्न इथे खरा गुंतागुंतीचा होतो. काही रंगांसोबत आजार येतात.

पेंट हॉर्समध्ये 'फ्रेम ओव्हरो' नावाचा एक पट्टेदार नमुना आहे. त्याच्या जनुकाची एक प्रत असेल तर घोडा सुंदर दिसतो आणि ठणठणीत असतो. दोन प्रती आल्या तर शिंगरू जवळजवळ पूर्ण पांढरं जन्मतं आणि त्याच्या मोठ्या आतड्यात आवश्यक त्या चेतापेशीच नसतात. अन्न पुढे सरकत नाही आणि काही दिवसांत ते पोटदुखीने मरतं. यावर उपचार नाही. यामागचा जनुकीय बदल १९९८ मध्ये सापडला. अडचण अशी की हे जनुक बाळगणारा घोडा कधीकधी जवळपास एकरंगी दिसतो. म्हणजे नुसतं डोळ्यांनी पाहून, पट्टेदार तेवढे बाहेर काढून, हा धोका टळत नाही. चाचणी केली आणि अशा दोन घोड्यांची जोडी लावली नाही, तर तो पूर्णपणे टळतो.

दुसरीकडे, करड्या रंगाला जवळपास सगळ्या जातींत मान आहे. पण १५ वर्षांवरच्या करड्या घोड्यांपैकी ७० ते ८० टक्के घोड्यांच्या कातडीत रंगपेशींच्या गाठी होतात. ज्या जनुकामुळे केस पांढरे होतात, तेच या गाठींनाही कारणीभूत आहे, असं २००८ मध्ये सिद्ध झालं. तरी करडा रंग कुणी बाद केला नाही.

आणि ज्याच्या रंगात काहीच खटकण्यासारखं नव्हतं, अशा घोड्याकडूनही आजार पसरला. 'इम्प्रेसिव्ह' हा क्वार्टर हॉर्समधला गाजलेला नर. त्याच्या पिळदार शरीरामुळे त्याच्या वंशाला प्रचंड मागणी आली. पण त्याच वंशातून स्नायूंचा एक आनुवंशिक आजार हजारो घोड्यांत गेला. अखेर या आजाराच्या दोन्ही प्रती असलेली, २००७ पासून जन्मलेली शिंगरं नोंदवायची नाहीत, असा नियम संस्थेला करावा लागला.

या तीन उदाहरणांतून एकच गोष्ट दिसते. रंग पाहून आरोग्य कळत नाही. आरोग्यासाठी नियम करायचा असेल तर तो जनुक तपासून करायला हवा.

जिथे अट आजही आहे

नेदरलँड्सची फ्रिजियन ही जात तिच्या काळ्या रंगासाठी ओळखली जाते. तिची नोंदणी संस्था १८७९ पासून आहे. पण तांबूस रंगाचं जनुक काळ्याच्या आड लपून राहतं, त्यामुळे दोन काळ्या फ्रिजियनांच्या पोटी कधीतरी तांबूस शिंगरू येतं. ते टाळण्यासाठी पैदाशीच्या नरांची चाचणी होते आणि हे जनुक बाळगणाऱ्या नराला मान्यता मिळत नाही.

इथे वाद वेगळा आहे. काळा रंग हीच या जातीची ओळख असेल, तर ती जपण्याचा हक्क संस्थेला आहे, असं एक बाजू म्हणते. दुसरी बाजू विचारते, त्याची किंमत काय? फ्रिजियन घोड्यांमध्ये आधीच जवळच्या नात्यातली पैदास बरीच आहे आणि त्यातून बुटकेपणा, डोक्यात पाणी साचणं असे आनुवंशिक आजार दिसतात. अशा लहान गोतावळ्यातून एखादा चांगला नर केवळ लपलेल्या रंगापायी वगळला, की गोतावळा आणखी आकसतो.

आणि आपल्याकडे?

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे फिरलं की रंगाचा प्रश्न आपल्याकडे किती जुना आहे, ते कळतं. कपाळ आणि चारही पाय पांढरे असलेला 'पंचकल्याण' शुभ. पट्टेदार 'अबलख' भाव खातो. गुलाबी कातडीच्या पांढऱ्याशुभ्र 'नुकरा' घोड्यांभोवती गर्दी असते, लग्नाच्या वरातीसाठी त्यांना मागणी असते. राजस्थानातून येणाऱ्या मारवाडी घोड्यांमध्ये काळा रंग परंपरेने अशुभ मानला गेला. रंगाइतकंच महत्त्व अंगावरच्या भोवऱ्यांना असतं. मानेवरचा 'देवमण' भोवरा असेल तर किंमत वाढते.

म्हणजे आपल्याकडे रंगाची चाळणी आधी बाजारानेच लावली, नोंदवही फार नंतर आली. इथेही एक विसंगती आहे. बाजारात आणि देवकार्यात पांढऱ्या घोड्याला मान असला, तरी मारवाडी जातीच्या नोंदणीत तो सर्वसाधारणपणे स्वीकारला जात नाही.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा विषय आता आणखी जवळचा झाला आहे. मराठ्यांच्या इतिहासात ज्यांचं नाव घेतलं जातं, त्या भीमथडीच्या तट्टांना गेल्या काही वर्षांत राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. जात कागदावर आली की तिची व्याख्या करावी लागते आणि व्याख्येसोबत कोण आत, कोण बाहेर, हा प्रश्न येतोच. ही तट्टं मेंढपाळांबरोबर डोंगरदऱ्या तुडवत टिकली ती चिवटपणामुळे. त्यांची निवड करताना आधी खूर आणि पाठ पाहायची की रंग, हे ठरवताना अमेरिकेतला हा अनुभव उपयोगी पडू शकतो.

तो अनुभव असा, की क्वार्टर हॉर्सच्या संस्थेने साठएक वर्षं रंगावर पहारा ठेवला. त्या काळात नियमात बसणाऱ्या देखण्या घोड्यातून आजार आत आला आणि निरोगी शिंगरं रंगापायी बाहेर राहिली. आज टेक्सासमध्ये सोनेरी घोडीला सायीच्या रंगाचं शिंगरू झालं, तर पालक त्याचे केस प्रयोगशाळेत पाठवू शकतो. आईबाप जुळले की शिंगराला कागद मिळतात.